मासा, नांगर, खी-रो आणि क्रूस: आद्य ख्रिस्ती चिन्हांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथले प्रश्न मुख्यतः इ.स. २०० ते ७०० या काळातल्या चिन्हांबद्दल आहेत. सगळ्या उत्तरांमागे एकच आग्रह आहे: चिन्ह एकटं वाचू नका. शेजारी काय कोरलंय, वस्तू कुठे सापडली, काळ कोणता, हे बघितल्याशिवाय अर्थ लावला की तो हमखास चुकतो.

येशूच्या काळापासूनच ही चिन्हं वापरात होती का?

नाही. ख्रिस्ती म्हणून खात्रीनं ओळखता येतील अशी चित्रं आणि कोरीवकाम साधारण इ.स. २०० पासून मिळतं. त्याआधीचे ख्रिस्ती लोक शेजाऱ्यांसारखेच दिवे, भांडी आणि अंगठ्या वापरत, त्यामुळे त्यांच्या वस्तू वेगळ्या काढता येत नाहीत.

हे नेमकं कसं घडत होतं ते अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंट या ख्रिस्ती लेखकाच्या लिखाणात दिसतं. पत्र, पेटी, साठवणीची भांडी मोहोरबंद करायला त्या काळी मुद्रेची अंगठी लागायचीच. अंगठीवर काय कोरावं याबद्दल क्लेमेंट सांगतो: कबूतर, मासा, वाऱ्यावर चाललेलं जहाज, वीणेसारखं तंतुवाद्य किंवा जहाजाचा नांगर चालेल. मासे धरणारा कोळी कोरलेला असेल तर प्रेषिताची आणि बाप्तिस्म्याच्या पाण्यातून वर काढलेल्या मुलांची आठवण होईल. मूर्तींचे चेहरे नकोत, तलवार आणि धनुष्य नको, मद्याचे पेले नकोत. ही यादी लक्ष देऊन वाचावी. यातलं एकही चिन्ह त्यानं नव्यानं घडवलेलं नाही. सगळी मुद्रा कोरणाऱ्याच्या दुकानात तयार मिळणारी होती. ख्रिस्ती लोकांनी त्यातून निवड केली आणि निवडलेल्याला आपला अर्थ दिला.

माशाचा अर्थ काय?

ग्रीक भाषेत माशाला ‘इख्थिस’ म्हणतात. त्या शब्दात पाच अक्षरं आहेत आणि प्रत्येकावरून एक शब्द सुरू होतो: आयोटावरून येसूस (येशू), खीवरून ख्रिस्तोस (ख्रिस्त), थीटावरून थेऊ (देवाचा), उप्सिलॉनवरून ह्यिओस (पुत्र), सिग्मावरून सोतेर (तारणारा). म्हणजे एका शब्दात अख्खी श्रद्धा आली.

पण मासा म्हणजे फक्त अक्षरांचा खेळ, असं समजू नये. कार्थेजचा ख्रिस्ती लेखक टर्टुलियन इ.स. २०० च्या सुमारास बाप्तिस्म्याबद्दल लिहिताना म्हणतो की आपण लहान मासे आपल्या ‘इख्थिस’प्रमाणे पाण्यातच जन्मतो. त्याचं लिखाण लॅटिनमध्ये आहे, तरी हा शब्द तो ग्रीकच ठेवतो, कारण भाषांतर केलं की अक्षरं हातातून निसटतात. शिवाय पाच भाकरी आणि दोन मासे यांची गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती, त्यामुळे भाकरीच्या टोपलीशेजारचा मासा प्रभुभोजनाकडे, म्हणजे भाकर आणि द्राक्षारसाच्या विधीकडे, बोट दाखवतो.

उलट, नुसता मासा दिसला म्हणून दगड ख्रिस्ती ठरत नाही. रोमन घरांच्या फरशीवर मासे सर्रास असत. सोबत नांगर, भाकरी, ‘इख्थिस’ हा शब्द किंवा ख्रिस्ती मजकूर असेल तरच तसं म्हणावं.

एखादं खात्रीचं उदाहरण सांगा.

रोममध्ये व्हॅटिकन टेकडीच्या दफनभूमीत सापडलेला लिचिनिया आमियास या स्त्रीचा स्मृतिदगड. तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीचा हा दगड आता रोमच्याच राष्ट्रीय संग्रहालयात, डायोक्लेशियनच्या स्नानगृहांच्या इमारतीत आहे. सर्वांत वर पुष्पचक्र आणि त्याच्या दोन्ही बाजूंना लॅटिन ‘डी’ आणि ‘एम’ ही अक्षरं, म्हणजे ‘मृतात्म्यांच्या देवतांना’. हे रोमन थडग्यांवरचं नेहमीचं, बिगरख्रिस्ती मंगलाचरण. त्याखाली ग्रीकमध्ये ‘जिवंतांचा मासा’. त्याखाली नांगर आणि त्याच्याकडे तोंड केलेले दोन मासे. मग लॅटिनमध्ये त्या बाईचं नाव.

एकाच दगडावर दोन भाषा आणि दोन श्रद्धांची भाषा. यावरून तिच्या श्रद्धेत भेसळ होती असा निष्कर्ष काढू नये. थडग्याच्या दगडावर वर ‘डी-एम’ असणं ही त्या काळची रीत होती, जशी आपल्याकडे निमंत्रणपत्रिकेच्या माथ्यावर ‘श्री’ असण्याची. आपलं म्हणणं त्या कुटुंबानं खालच्या दोन ओळींत सांगितलं आहे.

छळाच्या काळात एकानं वाळूत अर्धा मासा काढायचा आणि दुसऱ्यानं तो पूर्ण करायचा, हे खरं ना?

याला एकाही प्राचीन लेखकाचा आधार नाही. गोष्ट सुटसुटीत आहे म्हणून पसरली. गाडीच्या मागे लावायचा दोन कमानींचा मासा तर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत लोकप्रिय झाला.

मासा ही गुप्त खूण असती तर ती उघड्या दगडावर कोरलीच नसती. फ्रिजियातल्या (आजच्या तुर्कस्तानातल्या) हिएरोपोलिसच्या अबेर्कियसनं वयाच्या ७२व्या वर्षी स्वतःचा समाधिलेख स्वतःच लिहवून घेतला. त्यात तो म्हणतो की श्रद्धेनं त्याला सगळीकडे झऱ्यातला मासा खाऊ घातला, फार मोठा, निर्मळ, एका पवित्र कुमारिकेनं धरलेला. ज्याला हे समजेल त्यानं माझ्यासाठी प्रार्थना करावी, असंही तो सांगतो. भाषा सूचक आहे, पण दगड चारचौघांत उभा होता. पुरातत्त्वज्ञ विल्यम रॅम्झी यांना त्याचे तुकडे १८८३ मध्ये सापडले, आता ते व्हॅटिकन संग्रहालयात आहेत. या लेखातल्या ओळी उचलून अलेक्झांडर नावाच्या माणसासाठी कोरलेल्या दुसऱ्या दगडावर इ.स. २१६ ही तारीख पडते, म्हणून अबेर्कियसचा लेख त्याआधीचा हे निश्चित होतं.

मग कॅटाकोम्ब ही लपायची जागा नव्हती का?

नव्हती. ती जमिनीखाली खोदलेली दफनभूमी होती आणि सरकारला माहीत होती. रोमच्या कायद्यानं शहराच्या हद्दीत प्रेत पुरायला बंदी होती, म्हणून कबरी शहराबाहेर जाणाऱ्या रस्त्यांलगत असत. जमीन महाग आणि खालचा टफ दगड सोयीचा: खोदायला मऊ, हवा लागली की घट्ट. म्हणून लोक खाली खाली खणत गेले. अरुंद बोळाच्या दोन्ही भिंतींत एकावर एक खण खोदायचे, प्रेत कापडात गुंडाळून आत ठेवायचं, तोंड विटांनी किंवा संगमरवरी फरशीनं बंद करून वर चुन्याचा गिलावा द्यायचा. ओल्या गिलाव्यात नाणं, दिवा किंवा काचेच्या भांड्याचा बूड दाबून बसवत, म्हणजे हजारो सारख्या खणांत आपला खण ओळखता येई. अशा जागी ओलीत आणि प्रेतांच्या वासात कुणी वस्तीला राहील ही कल्पनाच चुकीची आहे.

नांगर म्हणजे शेतीचा का?

मराठीत ही गफलत वारंवार होते, कारण शब्द एकच. हा जहाजाचा नांगर. बायबलच्या नव्या करारातल्या इब्री लोकांस पत्राच्या सहाव्या अध्यायात आशेला जिवाचा नांगर म्हटलंय, तोच अर्थ. मराठी मजकूर देऊन चित्रकाराकडून काम करून घेत असाल तर ‘जहाजाचा नांगर’ असं स्पष्ट लिहा, नाहीतर फाळ काढून मिळतो.

वरचा आडवा दांडा ठळक असला की नांगरात क्रूस दिसतो, पण असा दांडा सगळ्याच नांगरांना असे, म्हणून दर वेळी त्यात झाकलेला क्रूस शोधू नये. हे चिन्ह तिसऱ्या शतकात भरपूर आहे, चौथ्यात ओसरतं. कॅटाकोम्बमधल्या दगडावर नांगर दिसला तर तो दगड जुन्या टप्प्यातला असण्याची शक्यता वाढते.

खांद्यावर मेंढरू घेतलेला तरुण म्हणजे येशूच ना?

कबरीच्या चित्रात योना, नोहा अशा बायबलमधल्या प्रसंगांशेजारी असेल तर हो, उत्तम मेंढपाळ म्हणून वाचावं. पण ही आकृती ख्रिस्ताहून कित्येक शतकं जुनी आहे. अथेन्सच्या अक्रोपोलिसवर सापडलेला वासरू खांद्यावर घेतलेला पुरुष इ.स.पू. ५६० च्या सुमाराचा आहे. हर्मीस देवही मेंढा खांद्यावर घेतलेला दाखवत. रोमन शवपेट्यांवर तीच आकृती दयाळूपणाचं किंवा गावाकडच्या निवांतपणाचं प्रतीक म्हणून येते. म्हणून तिला येशूची प्रतिमा म्हणण्यापेक्षा येशूच्या दृष्टान्ताचं चित्र म्हणणं जास्त नेमकं.

निःसंशय उदाहरण हवं असेल तर सीरियात फरात नदीकाठच्या दुरा-युरोपोसचं घ्या. तिथल्या घरवजा चर्चमध्ये बाप्तिस्म्याच्या कुंडाच्या वरच्या भिंतीवर मेंढपाळ रंगवलेला होता. इ.स. २५६ च्या सुमारास इराणच्या ससानियन सैन्याच्या वेढ्यात तट भक्कम करायला रोमन सैनिकांनी तटालगतची घरं मातीनं बुजवली. त्या भरावामुळेच ही चित्रं सतराशे वर्षं टिकली. आता ती अमेरिकेत येल विद्यापीठाच्या कलादालनात आहेत.

योना इतक्यांदा का येतो?

तीन दिवस माशाच्या पोटात राहून बाहेर आला म्हणून पुनरुत्थानाची खूण. चित्रं बहुधा ओळीनं येतात: जहाजावरून फेकलं, समुद्री प्राण्यानं गिळलं, ओकून टाकलं, वेलीखाली पहुडला. शेवटच्या चित्रातला योना उघडा, एक हात डोक्यावर घेऊन ऐसपैस पडलेला असतो, कारण ती ठेवण झोपलेल्या एंडिमियन या ग्रीक कथेतल्या तरुणाची आहे. शिल्पकारांच्या हातात तो नमुना तयार होता.

चित्रात वेल भोपळ्याची असते. लोकांची नजर त्या वेलीला इतकी सरावली होती की जेरोमनं बायबलच्या आपल्या नव्या लॅटिन भाषांतरात तिथे ‘आयव्ही’ लिहिल्यावर उत्तर आफ्रिकेतल्या ओइया गावात, म्हणजे आजच्या त्रिपोलीत, वाचन चालू असतानाच गदारोळ झाला. उत्तर आफ्रिकेतला बिशप ऑगस्टीन यानं ही हकिकत जेरोमला पत्रानं कळवली.

खी-रो कॉन्स्टन्टाइननं शोधून काढलं का?

या रोमन सम्राटानं ते शोधून काढलं नाही, राजचिन्ह केलं. ग्रीक ‘ख्रिस्तोस’ची पहिली दोन अक्षरं खी (इंग्रजी एक्ससारखं) आणि रो (इंग्रजी पीसारखं) एकमेकांत गुंफली की हे चिन्ह होतं. इंग्रजी उच्चारावरून काही जण ‘काय-रो’ म्हणतात, पण मराठीत ‘खी-रो’च बरं. हीच जोडी तिसऱ्या टॉलेमीच्या नाण्यांवर इ.स.पू. तिसऱ्या शतकात दिसते, आणि ग्रीक लेखनिक समासात ‘उपयुक्त’ या अर्थाच्या शब्दाचं संक्षिप्त रूप म्हणूनही ती वापरत.

२८ ऑक्टोबर ३१२ च्या, रोमजवळ कॉन्स्टन्टाइननं जिंकलेल्या मिल्व्हियन पुलाच्या लढाईबद्दल दोन ख्रिस्ती लेखकांचे जुने वृत्तान्त आहेत आणि ते जुळत नाहीत. लॅक्टँशियस लढाईनंतर काही वर्षांतच लिहितो: स्वप्नात आज्ञा झाली, सैनिकांच्या ढालींवर चिन्ह काढलं. युसेबियस कॉन्स्टन्टाइनच्या मृत्यूनंतर, म्हणजे ३३७ नंतर लिहितो: दिवसाढवळ्या आकाशात प्रकाशाचा क्रूस दिसला, ‘याने जिंक’ असे शब्द दिसले, आणि पुढे सोन्यानं मढवलेल्या भाल्यावर रत्नजडित चक्रात खी-रो असलेला ध्वज तयार झाला. दोन्ही एकत्र कालवून एकच गोष्ट सांगायची सवय आहे, ती सोडावी. ठोस वस्तू हवी तर ३१५ चं, इटलीतल्या तिचिनम इथलं चांदीचं पदक बघा: सम्राटाच्या शिरस्त्राणावर छोटंसं खी-रो आहे.

खी-रो काढताना काय चुकतं?

वेदीचं कापड, पत्रिका किंवा स्मृतिफलक यांसाठी हे काम वारंवार निघतं.

आधी उभी रेघ ओढा, समजा १० भाग उंच. तिच्या मध्यावर खीच्या दोन तिरक्या रेघा छेदा, पण त्यांची उंची ६ भागांच्या आसपास ठेवा. रोचं पोट उभ्या रेघेच्या वरच्या टोकाला, उजवीकडे, खीच्या वर मोकळ्या जागेत यावं. खी उभ्या रेघेइतकीच उंच केली की पोट वरच्या कोनात अडकतं आणि लांबून नुसता तारा दिसतो.

चिन्हाच्या दोन्ही बाजूंना बहुधा ग्रीक वर्णमालेचं पहिलं आणि शेवटचं अक्षर असतं: अल्फा बघणाऱ्याच्या डावीकडे, ओमेगा उजवीकडे. प्राचीन दगडांवर अल्फा मोठ्या लिपीतला आणि ओमेगा बहुधा गोलसर, इंग्रजी डब्ल्यूसारखा असतो. नालेच्या आकाराचा मोठ्या लिपीतला ओमेगा चूक नाही, पण त्यानं जुना बाज जातो.

सगळ्यांत मोठी चूक आरशातल्या प्रतिमेची. स्टेन्सिल पालथं पडलं की रोचं पोट डावीकडे जातं आणि अल्फा-ओमेगाची जागा बदलते. छपाईत आणखी एक अडचण: युनिकोडमध्ये या चिन्हाला २६२७ हा क्रमांक आहे, पण पुष्कळ मराठी फाँटमध्ये ते नसतं आणि त्याजागी रिकामा चौकोन छापून येतो. म्हणून छापखान्याला चिन्ह चित्ररूपातच द्या.

क्रूस इतका उशिरा का आला?

कारण तो रस्त्याकडेला दिसणारी खरी शिक्षा होती, गुलाम आणि बंडखोरांना द्यायची. ती कॉन्स्टन्टाइननं बंद केली, आणि ती बघितलेली पिढी सरल्यावरच वधस्तंभावरच्या येशूचं चित्र उघडपणे येऊ लागलं. ब्रिटिश म्युझियममधल्या ४२०–४३० च्या हस्तिदंती पट्ट्या आणि रोमच्या सांता सबिना चर्चचं साधारण त्याच काळातलं लाकडी दार ही आरंभीची उदाहरणं.

त्याआधी क्रूस नव्हताच, असं मात्र नाही. टर्टुलियन सांगतो की ख्रिस्ती लोक घरात शिरताना, निघताना, जेवताना, दिवा लावताना कपाळावर ही खूण करतात. हावभावात होता, दगडावर नव्हता. इ.स. २०० च्या आसपासच्या पपायरस हस्तलिखितांत ‘क्रूस’ या ग्रीक शब्दातच ताऊ (इंग्रजी टीसारखं) आणि रो ही अक्षरं अशी एकावर एक लिहिलेली आहेत की खांबावरचा माणूस दिसावा. आणि चेष्टेतही होता: रोमच्या पॅलेटाइन टेकडीवर १८५७ मध्ये सापडलेल्या खरडीत गाढवाच्या डोक्याचा माणूस क्रुसावर आहे, समोर एक जण हात उंचावून उभा, खाली ग्रीकमध्ये ‘अलेक्सामेनोस देवाची पूजा करतो’. टवाळी करणाऱ्याला ख्रिस्ती लोक कुणाला भजतात ते पक्कं ठाऊक होतं.

चौथ्या शतकानं काढलेली वाट व्हॅटिकनमधल्या एका शवपेटीवर दिसते. मधोमध रिकामा क्रूस, त्याच्या माथ्यावर पुष्पचक्रात खी-रो, आडव्या दांड्यावर बसून चक्राला चोची लावणारी दोन कबुतरं, आणि पायथ्याशी दोन रोमन सैनिक, एक चक्क झोपलेला. रोमन सेनेचं विजयस्तंभाचं चित्र उचललं आणि देहाशिवाय मृत्यू आणि पुनरुत्थान दोन्ही सांगितलं. या सगळ्या काळातली इतकी नेमकी रचना दुसरी नाही.

इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीखाली गाडल्या गेलेल्या इटलीतल्या हर्क्युलेनियममध्ये १९३८ मध्ये भिंतीवर आढळलेला ‘क्रूस’ पुरावा म्हणून देऊ नका. ती बहुधा भिंतीवर ठोकलेल्या फळीची किंवा कपाटाची खूण आहे.

मोर, कोकरू, चार प्राणी?

मोर: त्याचं मांस कुजत नाही असा समज होता, म्हणून अमरत्व. ऑगस्टीननं कार्थेजमध्ये शिजवलेल्या मोराचा तुकडा बाजूला ठेवून बघितला. वर्षानंतर तो फक्त थोडा सुकून आक्रसला होता, असं तो लिहितो. आपल्याकडच्या मोराच्या अर्थांशी याची सांगड घालू नये.

कोकरू: इ.स. ६९२ च्या कॉन्स्टन्टिनोपलच्या परिषदेनं ख्रिस्ताला कोकराऐवजी मनुष्यरूपातच दाखवा असं ठरवलं. रोमनं ते मानलं नाही, म्हणून पश्चिमेकडे कोकरू राहिलं.

मनुष्य, सिंह, बैल, गरुड: अनुक्रमे मत्तय, मार्क, लूक, योहान या चार शुभवर्तमानकारांची (येशूचं चरित्र लिहिणाऱ्यांची) चिन्हं. ही वाटणी जेरोमची. त्याआधी दुसऱ्या शतकातल्या इरेनियस या बिशपनं सिंह योहानाला आणि गरुड मार्काला दिला होता, त्यामुळे पुस्तकांत फरक दिसला तर गोंधळू नका.

गोव्यातल्या चर्चवर ‘आयएचएस’ असतं ते काय?

येशूच्या ग्रीक नावाची पहिली तीन अक्षरं: आयोटा, ईटा, सिग्मा. ईटा इंग्रजी एचसारखं दिसतं, इतकंच. ‘येशू, मानवांचा तारणारा’ असं लॅटिन फोड करून सांगतात ती नंतरची. पंधराव्या शतकात सिएनाच्या बर्नार्डिनोनं या अक्षरांचा प्रसार केला, मग येशूसंघानं (जेझुइट धर्मगुरूंच्या संघानं) ती आपली मुद्रा केली. जुन्या गोव्याच्या बाँ जेझू बॅसिलिकेच्या दर्शनी भिंतीवर ती त्यामुळेच आहेत.

भारतात या काळातलं काही आहे का?

सहाव्या शतकातला व्यापारी कॉस्मस ‘कल्लियाना’ बंदरात पर्शियातून नेमून आलेला बिशप असल्याचं लिहितो. बरेच अभ्यासक हे आपलं कल्याण मानतात. तिथलं त्या काळचं चिन्ह मात्र हाती नाही. हातात आहेत ते केरळमधले आणि चेन्नईच्या सेंट थॉमस माउंटवरचे पहलवी (जुन्या इराणी भाषेतले) लेख असलेले दगडी क्रूस. त्यांवर येशूचा देह नाही, वरून उतरणारं कबूतर आहे आणि पायथ्याशी दोन्ही बाजूंना पाकळ्या उमललेल्या आहेत. चेन्नईचा क्रूस १५४७ मध्ये पोर्तुगीजांना खणताना सापडला.

एखाद्या दगडाचा फोटो हाती आला तर कुठून सुरुवात करावी?

आधी अक्षरं बघा, चित्रं मागून. भाषा ग्रीक की लॅटिन ते ठरवा. ‘शांतीत’ अशा अर्थाचे शब्द, ‘पुरला’ अशी नोंद, मृत्यूचा दिवस यांची नोंद करा. दफनाचा दिवस लिहिण्याची ओढ ख्रिस्ती लेखांत जास्त असते, कारण स्मरण त्या दिवशी करायचं. मग चिन्हं मोजा आणि कोण कोणाशेजारी आहे ते लिहा. ग्रीक सिग्मा इंग्रजी सीसारखा वळलेला असतो, त्याला दुसरं अक्षर समजू नका. चक्रातलं सुटं खी-रो असेल तर दगड ३१२ नंतरचा धरायला हरकत नाही. शेवटी दगड सापडला कुठे ते विचारा. ते ठाऊक नसेल तर बाकी सगळं असूनही निष्कर्ष अर्धवटच ठेवावा, कारण एकोणिसाव्या शतकात नकली ख्रिस्ती वस्तू बनवून विकणारेही होते.

रोमला गेल्यावर काय बघावं?

एकच कॅटाकोम्ब जमणार असेल तर व्हिया सालारिया या रस्त्यावरचं प्रिसिला घ्या, चित्रांसाठी. व्हिया आप्पियावरच्या कॅलिस्टसमध्ये पोपांच्या कबरींची खोली आहे, ती पुरातत्त्वज्ञ जोव्हान्नी बात्तिस्ता दे रोस्सी यांनी १८५४ मध्ये शोधली. वाटाड्याशिवाय आत सोडत नाहीत आणि फोटो काढू देत नाहीत. उन्हाळ्यातही खाली गारवा असतो, म्हणून एखादी शाल आणि न घसरणारे बूट घ्या. वर सांगितलेली रिकाम्या क्रुसाची शवपेटी व्हॅटिकन संग्रहालयाच्या पियो-क्रिस्तियानो विभागात आहे, आणि लिचिनिया आमियासचा दगड मुख्य रेल्वे स्टेशनसमोर, पायी पाच-दहा मिनिटांवर.